पत्र्यावर जस्त किती?

कोकणपट्टीत छपरावर नवा पत्रा चढवताना माणसं जाडी विचारतात, रंग निवडतात, भाव कमी करून मागतात. त्यावर जस्त किती, हे फारच थोडे विचारतात. पत्र्याचं आयुष्य मात्र तिथेच ठरतं. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवलं की दोहोंच्या सीमेवर मिश्रधातूचा पातळ थर जमतो, म्हणून हा लेप रंगासारखा पोपडे धरून सुटत नाही. त्याहून मोठा गुण पुढेच आहे: ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त थोरल्या बहिणीसारखं झीज स्वतःवर घेतं. कथलाला हे जमत नाही; त्याचा थर फाटला की खालचं लोखंड जास्तच लवकर गंजतं. पण जस्त संपलं की राखण संपली, आणि खारा वारा ते भराभर खातो. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्त म्हणजे एका बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन. 120 ग्रॅमच्या पत्र्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. घर समुद्राकाठी असेल, तर दुकानदाराकडून हा आकडा बिलावर लिहूनच घ्या.