उन्हाळ्यात वाचलेली तीन पुस्तकं

मे महिन्यात गोदीतून रजा काढून पोलादपूरकडं गावी गेलो. तीन पुस्तकं वाचली. मतं माझी, एका मॅट्रिक हमालाची.

बाबुराव बागुलांचं ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९). ही मुंबई मी पाठीवर वाहतो. त्यातली भाषा परीटघडीची नाही, म्हणून ती खरी.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). आपल्यातलेच शिकलेले म्हणतात, घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? अरे, आपलं घरच वेशीबाहेर होतं!

तिसरं, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). दोस्तहो, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी घेतलं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. बाबासाहेब तेव्हा बायकांशी वेगळं बोलले. घरात पाणी भरते बाई, अन् पाण्याच्या लढ्याची गोष्ट सांगतो फक्त बाप्या! या दोघींनी चळवळीतल्या बायांना गाठून बोलतं केलं.

२० मार्चला महाडात बिल्ला घ्याच. पण हे पुस्तकही घ्या, अन् घरी आईला वाचून दाखवा. मग गप बसून तिचं ऐका.