नुसता बॅकअप काय कामाचा?

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करता करता हेडफोनवर एक क्लॅरिनेट वाजत होतं. आधी खदखदून हसल्यासारखं, मग एकदम हुंदका दिल्यासारखं. जर्नल राहिलं बाजूला आणि मी शोधत बसले, हे आहे तरी काय? ते होतं क्लेझ्मर. पूर्व युरोपातल्या यिडिश बोलणाऱ्या ज्यूंच्या लग्नांत वाजणारं संगीत! भैरवातला निषाद कोमल केला की जे स्वर मिळतात, त्याच स्वरांत यातल्या कितीतरी चाली आहेत. म्हणूनच बहुधा ते परकं वाटलं नाही.

यिडिश ही जर्मनच्या जवळची, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. (सगळ्या ज्यूंची नाही हं! आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची मातृभाषा मराठी. त्यांनी तर बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.) दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे 1 कोटीहून जास्त लोक होते. नाझींनी जे सुमारे 60 लाख ज्यू मारले, त्यातले बहुतेक यिडिश बोलणारे. जे वाचले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत इंग्रजीत नाहीतर इस्रायलमध्ये हिब्रूत वाढली. भाषा घरातल्या म्हाताऱ्यांपुरती उरली.

आता हेन्री सपोझनिकची गोष्ट. न्यूयॉर्कचा हा ज्यू मुलगा, घरी यिडिश ऐकत वाढलेला. पण वेड कसलं, तर अमेरिकन खेड्यांतल्या बँजोचं! ते शिकायला तो नॉर्थ कॅरोलिनात टॉमी जॅरेल नावाच्या म्हाताऱ्या फिडलवादकाकडे जायचा. एकदा जॅरेलनेच त्याला विचारलं, की तुमच्या लोकांना स्वतःचं संगीत नाही का? प्रश्न साधाच, पण बरोबर लागला. सपोझनिक परत आला, यिवो या न्यूयॉर्कमधल्या संस्थेत जुन्या यिडिश रेकॉर्ड्स ऐकू लागला, त्यांचा संग्रह त्याने उभा केला.

माझ्या मते खरी गंमत याच्या पुढे आहे. रेकॉर्ड्स कपाटात नीट लावल्या, झालं काम, असं तो म्हणाला नाही. 1985 मध्ये त्याने 'क्लेझकॅम्प' सुरू केला. डिसेंबरच्या सुट्टीत एक आठवडा आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र राहायचे. सकाळी भाषा, वादन, गाणं, नाच यांचे वर्ग आणि रात्री सगळ्यांनी मिळून वाजवायचं, नाचायचं. हा कॅम्प तीस वर्षं चालला. कॅनडात 1996 पासून 'क्लेझकॅनडा' आहे. जर्मनीत वायमारला उन्हाळ्यात असेच वर्ग आणि मैफिली होतात. बुखेनवाल्डची छळछावणी ज्या शहराच्या अगदी लगत होती, तेच हे वायमार! तिथे ज्यू नसलेली मुलंही यिडिश गाणी शिकतात.

आपण इंजिनिअरिंगवाले. बॅकअप घेतला म्हणजे सिस्टिम चालू आहे असं होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. रेकॉर्ड हा बॅकअप. क्लॅरिनेटचा तो हुंदका नोटेशनमध्ये नीट लिहिताच येत नाही, समोर बसून, ऐकून उचलावा लागतो. अँडी स्टॅटमन हा तरुण वादक 1970 च्या दशकात डेव्ह टॅरस या वृद्ध उस्तादाकडे जाऊन तेच शिकला. टॅरस 1989 मध्ये गेले. दहा-पंधरा वर्षं उशीर झाला असता तर?

कुणी म्हणेल, आठवडाभर गाणी म्हणून भाषा जगते होय? मान्य. यिडिश आज घराघरात बोलली जाते ती मुख्यतः हसिदी कुटुंबांत, आणि ती काही या शिबिरांमुळे नाही. पण आपलंच असून हातातून सुटलेलं ज्यांना पुन्हा धरायचं होतं, त्यांच्यासाठी या शिबिरांनी दार उघडलं. 'तुला साधं हेही येत नाही?' असं विचारण्याऐवजी नवशिक्यांसाठी वर्ग ठेवला. मला हेच फार मोठं वाटतं.

कारण मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीला हसणारे खूप भेटले, 'बस, शिकवतो' म्हणणारे कमी. गॅदरिंगला मी गिटारवर इंग्रजी गाणी वाजवते, टाळ्याही मिळतात. पण माझ्या आजीला जात्यावरच्या ढीगभर ओव्या येतात आणि मला एकही पूर्ण येत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, पण तो बॅकअपच ना!

27 फेब्रुवारीला आपल्याकडे दीपप्रज्वलन होतं, भाषणं होतात. होऊ देत. पण त्याबरोबर एक शनिवार असा ठेवू या, की ज्याला ओवी, भारूड, पोवाडा येतो त्याने शिकवायचं आणि आपण चुकत-माकत म्हणायचं. हसायला परवानगी आहे, पण आधी स्वतः म्हणून दाखवायचं!

मी आजीला विचारलंय. ती यायला तयार आहे. तुम्ही येताय?