भुयार खोदतंय कोण?

चौकटीच्या वहीत आपण गणितं सोडवतो. अमेरिकेत मात्र १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि लोक चौकटीच्या कागदावर चक्क भुयारं खोदू लागले! एक जण सूत्रधार. तो भुयाराचा नकाशा काढतो आणि लपवून ठेवतो. बाकीचे गडी 'आम्ही डावीकडे वळतो', 'दार ढकलतो' असं बोलत बोलत पुढे सरकतात.

पण दर खेपेला नवा नकाशा काढायचा म्हणजे सूत्रधाराचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून १९७९ साली खास सूत्रधारासाठी आलेल्या पुस्तकात एक तक्ता दिला होता. वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर वाट सरळ, ३ ते ५ ला दार, १४ ते १६ ला दालन, आणि २० पडले की राक्षस हजर!

मग आला संगणक. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ केला. आजार नव्हे हं, इंग्रजीत त्याचा अर्थ बदमाश! यात दर डावाला भुयार नवं. पण संगणकानं मनाला येईल तशा खोल्या आणि वाटा काढल्या तर एखादी खोली वाटेविना राहायची. खजिना नेमका तिथंच असला म्हणजे? गडी बिचारे भिंती चाचपत बसणार!

त्यावरची युक्ती बघा. पाटीवर तीन उभ्या, तीन आडव्या अशा नऊ जागा धरायच्या. कुठल्याही एका खोलीपासून निघायचं आणि शेजारच्या न जोडलेल्या खोलीशी वाट जोडायची. तिथून पुढची. अडलात तर जोडलेल्यांपैकी दुसऱ्या एखाद्या खोलीतून सुरुवात. नऊच्या नऊ जोडल्या जाईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी एकदोन वाटा उगाचच जास्तीच्या, म्हणजे पळून जायला दुसरा रस्ता मिळतो. एकही खोली सुटत नाही, आणि तरी दर वेळी नकाशा वेगळा. मला तर ही युक्ती फार आवडते.

आता टेबलच संगणकात गेलंय. एक गडी पुण्यात, दुसरा दुबईत, आणि नकाशा दोघांच्या पडद्यावर. 'रोल ट्वेंटी' २०१२ साली आलं, 'फाउंड्री' २०२० साली. इथं नुसतं चित्र पुरत नाही. काळी रेघ म्हणजे भिंत, हे संगणकाला कुठं ठाऊक? ती कुठून कुठपर्यंत, हे आकड्यांत सांगावं लागतं. हातानं भिंती आखताना कोपऱ्यात बारीकशी फट राहिली, की पलीकडच्या खोलीतला राक्षस आधीच दिसतो आणि साऱ्या खेळाचा विचका होतो!

हे कामही संगणकावर सोपवता येतं. तो प्रत्येक जमिनीच्या चौकोनाच्या चारही बाजू तपासतो. शेजारी जमीन नसेल तिथं भिंत. चार बाय तीन चौकोनांची खोली घ्या, भिंतीचे १४ तुकडे होतात. एका रेषेतले तुकडे सांधले की उरतात फक्त चार भिंती, आणि कोपरे अगदी घट्ट!

एवढं असूनही फाशानं काढलेलं भुयार कधीकधी वेडगळ असतं. स्वयंपाकघराला लागून तुरुंग! का बरं? ते संगणकाला पुसून उपयोग नाही. खोल्या त्याला काढू द्या, पण तिथं कोण राहायचं आणि का निघून गेलं, ते तुम्हीच ठरवा. खरी मजा त्यातच आहे.

आता वही काढा. १ ला वर, २ ला उजवीकडे, ३ ला खाली, ४ ला डावीकडे, आणि ५-६ पडले तर पुन्हा फासा. नऊ खोल्या जोडा. जास्तीच्या वाटा न धरता किती वाटा लागल्या ते मोजा, आणि मग सांगा, सोळा खोल्यांना किती लागतील?