आधी बापाला दाखवा, मग मुलांना



आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर एकाच गोष्टीवर खल चालला आहे. सुट्टीत लहान मुलांना ‘मेरी पॉपिन्स’ दाखवावा की नाही? एका बाजूच्या म्हणतात, “जुना, गाण्यांचा, कुटुंबाने बघायचा सिनेमा आहे. मारामारी नाही, नको ते काही नाही. लावून द्या आणि आपली कामं उरका.” दुसऱ्या बाजूच्या म्हणतात, “जादूटोणा, दारूचं नाव आणि मोठ्यांचं न ऐकणारी मुलं. आपल्या घरात हे कशाला?” मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि चार ओळींच्या मेसेजमध्ये माझं म्हणणं मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. सिनेमा चांगला आहे. पण सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याला समोर बसवून लावून द्यावा असा तो नाही. याचं कारण ना जादू, ना दारू. हा सिनेमा मुळात मुलांचा नाहीच, मुलांच्या बापाचा आहे. म्हणून आधी तो बापाला दाखवा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६४ साली डिस्नेने काढलेला हा सिनेमा. ज्युली अँड्र्यूजला यातल्या कामासाठी ऑस्कर मिळालं, सिनेमाला एकूण पाच मिळाली. गोष्ट १९१० च्या लंडनमधली. श्री. बँक्स बँकेत नोकरीला. नावच बँक्स! घड्याळ्याच्या काट्यावर चालणारा माणूस. संध्याकाळी घरी आल्यावर मुलं न्हाऊमाखून, जेवून तयार हवीत, डोक्यावर हात फिरवला की झाली भेट. बायको स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गुंतलेली. जेन आणि मायकल ही दोन मुलं एकामागून एक सांभाळणाऱ्या बायकांना पळवून लावतात. मग छत्री धरून आकाशातून मेरी पॉपिन्स उतरते आणि घर ताळ्यावर येतं. मूळ पुस्तक १९३४ सालचं, पी. एल. ट्रॅव्हर्स या बाईंचं. त्यांचे वडील ऑस्ट्रेलियात बँकेत होते आणि बाई सात वर्षांच्या असतानाच ते गेले. वडिलांचं पहिलं नाव ट्रॅव्हर्स, तेच त्यांनी लेखिका म्हणून आडनावासारखं लावलं. हे कळल्यावर या गोष्टीतला बाप एवढा मोठा का, ते मला उमगलं.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप जादूचा. पिशवीतून उभा दिवा निघतो, फुटपाथवरच्या खडूच्या चित्रात माणसं शिरतात. यामुळे मुलं अंधश्रद्धाळू होतील असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना विचारते, भातुकलीत रिकाम्या कपातला चहा पिणारं मूल खरंच त्याला चहा समजतं का? खेळ आणि खरं यातला फरक मुलांना कळतो. मिथ्यात्वाची भीती चार वर्षांच्या पोराला कमी आणि चमत्काराचे मेसेज पुढे पाठवणाऱ्या आपल्याला जास्त आहे!

दुसरा आरोप दारूचा. औषधाच्या प्रसंगात एकाच बाटलीतून प्रत्येकाला वेगळी चव मिळते आणि मेरीच्या चमच्यात रमची चव येते. बापही घरी आल्यावर शेरी घेणारा. हे आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण “आपण घेत नाही, का घेत नाही” हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. कडू काढा गुळाच्या खड्याबरोबर देणाऱ्या आपल्या घरांना साखरेच्या चमच्याची युक्ती काही नवी नाही.

तिसरी गोष्ट ग्रुपवर कुणी काढलीच नाही. २०२४ साली ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने या सिनेमाचा दर्जा बदलला. पूर्वी तो सरसकट सगळ्यांसाठी होता, आता पालकांनी जरा लक्ष द्यावं असा शेरा आहे. कारण शेजारचा निवृत्त नौदल अधिकारी दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांसाठी गोऱ्यांनी वापरलेला अपमानकारक शब्द बोलतो, तोही काजळीने तोंडं काळी झालेल्या धुराडी साफ करणाऱ्यांना बघून. आपली मुलं तो शब्द ऐकून सोडून देतील. पण रंगावरून माणसाला नाव ठेवणं आपल्या घरात होत नाही का? सून बघायला गेल्यावर आपण काय बोलतो ते आठवा आणि मग सिनेमाला नावं ठेवा.

आणि चांगलं आहे तेही मोजा. घोडेस्वार आणि कुत्रे कोल्ह्याची शिकार करायला निघतात, तेव्हा बर्ट त्या कोल्ह्याला उचलून आपल्या घोड्यावर घेतो. आजवर कुठल्या पाठशाळेत अभयदान इतक्या गमतीने शिकवलं गेलं?

मग लहान मुलांना नको असं मी का म्हणते? कारणं अगदी साधी आहेत. सिनेमा दोन तास एकोणीस मिनिटांचा आहे, चार वर्षांचं मूल एवढा वेळ एका जागी बसू नये. मुलं धुराड्यातून वर ओढली जातात आणि मग लंडनच्या छपरांवरून उड्या मारत नाच होतो. छत्री उघडून पलंगावरून, नाहीतर गच्चीच्या कठड्यावरून उडी मारायची इच्छा पाच वर्षांच्या मुलाला होणारच. खेळातला चहा खोटा हे त्याला कळतं, पण कठड्याची उंची कळत नाही. शिवाय बँकेतून पळालेली मुलं अंधाऱ्या गल्ल्यांत हरवतात, तो प्रसंग लहानग्यांना घाबरवतो. आणि शेवटी मेरी कुणाचा निरोप न घेता निघून जाते. सांभाळणारी मावशी अचानक काम सोडून गेलेल्या मुलाला ते काय वाटेल, याचा विचार करा.

आता मुद्द्याचं. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे बँकेचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मायकलजवळ दोन पेन्स आहेत. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स व्हायचे, म्हणजे ही रक्कम पौंडाचा एकशेविसावा भाग. त्याला सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हातारीकडून पाखरांसाठी चुऱ्याची पुडी घ्यायची आहे. बाप म्हणतो, बँकेत ठेव. बँकेचा म्हातारा मालक तर ते पैसे मुलाच्या हातातून हिसकावूनच घेतो. मायकल ओरडतो, “माझे पैसे परत द्या!” ते ऐकून गिऱ्हाइकांना वाटतं, बँक पैसे देत नाही. सगळे काउंटरवर तुटून पडतात आणि बँकेला व्यवहार थांबवावा लागतो.

गंमत म्हणून हसून सोडू नका. बँक लोकांच्या ठेवी कर्जाऊ देते, त्यामुळे सगळे एकदम मागायला आले तर कुठलीच बँक पुरी पडत नाही. सहकारी बँकांपुढच्या रांगा आपण पाहिल्यात. बँक विश्वासावर चालते, हे दहा वर्षांच्या मुलाला शिकवायला याहून चांगला धडा नाही. पण तो धडा समजावायला शेजारी कुणीतरी हवं. नाहीतर मूल एवढंच शिकेल की बचत वाईट आणि बँकवाले दुष्ट.

बचत वाईट नाही, बाप तत्त्वाने चुकलेला नाही. चूक आहे ती मुलाच्या मुठीतून पैसे काढून घेण्यात. आपण काय करतो? दिवाळीला, वाढदिवसाला आलेली पाकिटं मुलांच्या हातून घेतो, “जपून ठेवते हं” म्हणतो, आणि पुन्हा त्या पैशांचा विषय निघत नाही. मग तेच मूल दानपेटीत नोट टाकतं तीही आपण हातात दिलेली. त्याचं दान कुठे झालं त्यात? ज्याचं स्वतःचं काही नाही, तो सोडणार काय? त्याग शिकवायचा तर आधी थोडं त्याच्या मालकीचं राहू द्या.

माझ्या आठ वर्षांच्या नातवाने सिनेमा बघताना मला विचारलं, “आजी, मग तो मुलगा बरोबर की बँक?” मी म्हटलं, “दोघांचं थोडं थोडं बरोबर, पण हिसकावणारा चूक.” लगेच दुसरा प्रश्न आला, “मग मुंबईत कबुतरांना दाणे का घालू देत नाहीत?” २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आपल्या समाजात केवढी खळबळ झाली, ते त्याने घरात ऐकलेलं. मी त्याला सांगितलं की पाखरांची दया खरीच, पण त्यांच्या विष्ठेमुळे ज्याला दम्याचा त्रास होतो तोही जीवच आहे. दोघांची काळजी घेणारी वाट शोधायची असते, आणि ती सोपी नसते. काही मैत्रिणींना माझं हे उत्तर आवडणार नाही, चालेल. पण त्याने विचारलं तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी शेजारी होतं. पडदा उत्तर देत नाही.

आईबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे मला सिनेमाचा राग येतो. श्रीमती बँक्स मताधिकाराचा पट्टा मिरवत घरी येतात, नवरा यायच्या आत मात्र तो लपवून ठेवतात. मुलं हरवलीत हे सांगायला आलेल्या बाईचंही त्यांना ऐकू येत नाही. सिनेमा त्यांना हसतो. मूळ पुस्तकात ही चळवळ नाहीच, ती सिनेमावाल्यांनी घातली. आणि शेवटी काय, तर त्या आपला पट्टा मुलांच्या पतंगाला शेपटी म्हणून बांधतात! ब्रिटनमध्ये काही स्त्रियांना मत मिळालं १९१८ साली आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळालं १९२८ साली. त्यासाठी बायका तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या. त्या पट्ट्याची शेपटी करून घर सुखी होतं, हे आपल्या नातींना कुणी सांगू नये. नात शेजारी असेल तर तिथे थांबवून तिला हे जरूर सांगा.

बापाला मात्र सिनेमा हसत नाही. त्याला रात्री बँकेत बोलावतात, कोटावरचं फूल कुस्करतात, छत्री उलटी करतात, टोपीला भोक पाडतात आणि नोकरीवरून काढतात. निघायच्या आधी मुलगा येऊन तेच दोन पेन्स त्याच्या हातात ठेवतो, सगळं ठीक व्हावं म्हणून. तिथे बापाला कळतं. दुसऱ्या दिवशी तो मोडलेला पतंग दुरुस्त करून मुलांना बागेत नेतो. मेरी जाते ती यासाठीच, आता तिची गरज उरलेली नसते.

म्हणजे पाहा, पैसे देऊन मुलांसाठी माणूस ठेवला की आपण सुटलो, असं मानणाऱ्या घराची ही गोष्ट. आणि आपण नेमका तोच सिनेमा मुलं सांभाळायला लावून देतो!

मी सुनांना बोल लावत नाही. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं वाढायची, त्यात ऑफिसचा फोन, त्यात शाळेचा प्रकल्प. साडेचार वाजता तिने टीव्ही लावला तर तिचं काय चुकलं? प्रश्न असा आहे की त्या वेळी आजोबा काय करतात? रविवारी मुलांचा बाप कुठे असतो? “तुझी मुलं काय बघतात?” असं सुनेला विचारणाऱ्या सासवांनो, हाच प्रश्न आपल्या मुलाला विचारून बघा.

तेव्हा माझी सूचना अशी. सात वर्षांच्या पुढे दाखवा. एका दमात नको, तीन रविवार करा. पहिल्या रविवारी खडूच्या चित्रापर्यंत, दुसऱ्या रविवारी बँक, तिसऱ्या रविवारी बाकीचं. शेजारी बाप बसेल, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बँकेच्या प्रसंगानंतर मुलाला दहा रुपये द्यावेत आणि त्याचं काय केलंस, हे आठवडाभर विचारू नये. पतंग पाहून मुलांनी हट्ट धरला तर साधा सुती दोरा, मांजा अजिबात नको, त्याने पाखरं कापली जातात.

आणि बाप म्हणालाच की मला एवढा वेळ नाही, तर त्याला सांगा, श्री. बँक्सही हेच म्हणत होते.