बाळंतिणीला विचारलंत का?

गोरी अमेरिका आणि सर्बिया यांची तुलना निघाली, की दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे करतात आणि निकाल लावून मोकळे होतात. बाळंतिणीला कुणी विचारतच नाही! सर्बियात नोंदणीकृत नोकरी करणारीला पहिल्या-दुसऱ्या मुलासाठी वर्षभर पगारी रजा मिळते. अमेरिकेतला 1993 चा केंद्रीय कायदा देतो 12 आठवडे, तेही बिनपगारी. 50 पेक्षा कमी कामगारांच्या खासगी दुकानात तेवढेही नाहीत. काही राज्यांनी पगारी रजेचे कायदे केलेत, बाकीच्यांत मालकाची मर्जी. गल्ल्यावर उभ्या बाईला तिथे गोऱ्या कातडीचा काय उपयोग? अर्थात सर्बियाचेही गोडवे नकोत. नोंदीशिवाय राबणाऱ्या बायका, त्यात रोमा कितीतरी, या रजेबाहेरच राहतात. आणि संगोपनाची रजा बापालाही घेता येते, पण घेते बहुतेक आईच.