लायसन काढायचे की फोन लावायचा?

पोलिसाने हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली की पुढे काय होणार, याबद्दल आपल्या लोकांत दोन ठाम मते आहेत. एक मत म्हणते, लायसनवरचे नाव वाचले की निकाल लागला, मग तुम्ही कितीही अदबीने बोला. दुसरे मत नव्या पोरांचे. ते म्हणतात, कायदा माहीत असला की कोणाची हिंमत नाही. ही दोन्ही मते मी चहाच्या टपरीवर ऐकली आहेत, लग्नाच्या मांडवात ऐकली आहेत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात ऐकली आहेत. दोन्ही मला अर्धीच पटतात. त्या चार-पाच मिनिटांत गाडीवाल्याच्या हातात बरेच काही असते आणि सगळे नसते. आपण मात्र जे हातात आहे ते सोडून देतो आणि जे हातात नाही त्यावर रात्रभर बोलतो.

मारेगाव वणी-करंजी रस्त्यावर आहे. एकीकडे वणीच्या कोळसा खाणी, दुसरीकडे करंजीला नागपूर-हैदराबाद महामार्ग. त्यामुळे गाव लहान असले तरी रहदारी लहान नाही. कोळशाचे ट्रक, हंगामात कापसाने फुगलेल्या गाड्या, आणि मार्डी, कुंभा, बोटोणीकडून येणाऱ्या मोटारसायकली, ज्यांवर दोन माणसे हा किमान आकडा. अशा रस्त्यावर तपासणी लागली की मी बाजूच्या टपरीवर थोडा वेळ उभा राहतो. माणसे वाचायला ती चांगली जागा आहे.

एकदा दोन गाड्या मागोमाग थांबवल्या. पहिल्या गाडीवर विशी-बाविशीतला पोरगा. इंजिन बंद व्हायच्या आधीच त्याचा मोबाइल कानाला. "एक मिनिट साहेब, भाऊसंगं बोला." हवालदाराने फोन घेतला नाही. पोराने पुन्हा पुढे केला. मागच्या गाडीवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा, मागे खताचे पोते. "लायसन हाय का चाचा?" "हाय न साहेब." त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे काढून दिली. हेल्मेट नव्हते. तेवढ्याचे चलन झाले, चाचांनी ते निमूट मान्य केले आणि पाच मिनिटांत पोते नीट बांधून निघून गेले. पोराजवळही हेल्मेट नव्हते. पण त्याचा विमा पाहिला गेला, पीयूसी पाहिली गेली, नंबरप्लेटवरची अक्षरे पाहिली गेली, आरसा नाही हेही पाहिले गेले. मी दुसरा चहा संपवला तरी तो तिथेच होता.

दंड दोघांनाही झाला, ही गोष्ट लक्षात घ्या. नम्र बोलले की पोलीस सोडून देतात असे मी म्हणत नाही. चूक असेल तर सोडूही नये. पण एका गाडीत किती चुका शोधायच्या, कोणती कलमे लावायची, किती वेळ उभे ठेवायचे, हे त्या माणसाच्या मर्जीवर सुटलेले असते. कायदा तिथे ढिला आहे आणि त्या ढिल्या जागेत तुमचे वागणे काम करते.

कायदा नेमका काय मागतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०: गणवेशातल्या पोलिसाने मागितले तर चालकाने लायसन दाखवायचे.  गाडीची इतर कागदपत्रे जवळ नसतील तर ती ठरलेल्या मुदतीत हजर करण्याची सोयही त्याच कलमात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने नियमात बदल करून मोबाइलमधली कागदपत्रेही ग्राह्य धरली. म्हणजे डिजिलॉकर उघडता आले तर 'घरी राहिले' म्हणायची वेळ येत नाही. पोलिसाने लायसन जप्त केले तर कलम २०६ प्रमाणे त्याला पोचपावती द्यावी लागते. आणि कायदेशीर सूचना मानलीच नाही, मागितलेली माहिती दिलीच नाही, तर कलम १७९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड ५०० वरून २,००० रुपये झाला. म्हणजे नुसत्या अडेलपणालाही कायद्यात किंमत लावलेली आहे, मूळ चूक असो वा नसो.

पुढची पायरी याहून वाईट. हुज्जत हातघाईवर गेली, कॉलर धरली गेली, धक्का लागला, की प्रकरण वाहतुकीचे राहत नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, हे पूर्वीच्या दंडसंहितेतले कलम ३५३, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेतले कलम १३२. अजामीनपात्र. ज्या पोराला सकाळी काही शे रुपयांचे चलन नको होते, त्याचा बाप संध्याकाळी वकिलाच्या ओसरीवर बसलेला असतो. पुढे पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत काय होते ते वेगळे सांगायला नको.

त्या फोनबद्दल थोडे आणखी बोलतो, कारण आपल्याकडचा खरा आजार तो आहे. शिव्या देणारे थोडे असतात. फोन लावणारे घरोघर आहेत. नगरसेवक, पत्रकार, आत्याचा दीर जो ठाण्यात ओळखतो, कोणीही चालतो. सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या शिपायाला आपण चार माणसांदेखत सांगतो की तुझ्या वर्दीपेक्षा माझ्या फोनमधला माणूस मोठा. तो फोन घेतला तरी त्याचा अपमान, नाही घेतला तरी आपला. मग कायद्याचा प्रश्न संपून इज्जतीचा सुरू होतो. (थांबवल्याबरोबर पोलिसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणे हा मला याच जातीचा प्रकार वाटतो. अन्याय सुरू झाला तर जरूर चित्रीकरण करा. सलामालाच कशाला?)

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी विना हेल्मेट गाडी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवले आणि कागदपत्रे मागितली. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावले. भाऊ आला आणि शिंदेंच्या डोक्यात लाकडी दांडका बसला. काही दिवस लीलावती रुग्णालयात झुंज देऊन ३१ ऑगस्टला ते गेले. त्या भावांची नावे आपल्यातली होती, हे मी इथे लिहायला टाळणार नाही. आपल्या घरांत तेव्हा काळजी एकच होती, आता आपल्याबद्दल काय बोलले जाईल. त्या मुलाच्या हातात गाडी कोणी दिली, हा प्रश्न मागे पडला.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे येतो. नाव वाचल्यावर सूर बदलतो का? बदलतो. नेहमी नाही, सगळ्यांचा नाही, पण बदलतो. 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांनी २०१९ मध्ये देशातल्या पोलिसांच्या मनोवृत्तीचा अहवाल काढला. २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांना प्रश्न विचारले होते. मुसलमान स्वभावतःच हिंसेकडे झुकलेले असतात, असे कमीजास्त प्रमाणात मानणारे त्यात निम्मे निघाले. म्हणजे नाक्यावर दोन शिपाई उभे असतील तर हिशेब तुम्हीच करा. असा माणूस जेव्हा तुमचे लायसन हातात घेतो, तेव्हा तुमचा चढलेला आवाज त्याला नुसता चढलेला आवाज वाटत नाही. त्याच्या मनात आधीच असलेल्या गोष्टीचा तो पुरावा ठरतो. तोच आवाज दुसऱ्या कोणाच्या तोंडी असता तर 'तापट आहे बिचारा' म्हणून सुटला असता.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत ओकलंड शहराच्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतले संभाषण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासले, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अडवलेल्या ९८१ गाड्यांचा तो अभ्यास होता. काळ्या चालकांशी पोलीस गोऱ्यांपेक्षा कमी आदराने बोलत होते, आणि गुन्हा किती गंभीर, गाडी कुठे अडवली, शेवट काय झाला, हे सगळे लक्षात घेऊनही तो फरक उरत होता. पोलिसाच्या तोंडची भाषा संभाषणाच्या सुरुवातीपासूनच वेगळी होती. तेव्हा चालकाच्या वागण्यावर सगळे ढकलून देणाऱ्यांना मी विचारतो, पहिले वाक्य कोण बोलतो? 'ए, इकडे घे' आणि 'भाऊ, गाडी बाजूला घ्या' यांत चालकाचे काय कर्तृत्व?

एका नाक्यावर, गावाचे नाव सांगत नाही, माझ्या लायसनवरचे नाव वाचून मला विचारले गेले, "मूळचे कुठले?" पत्ता खाली छापलेला होता. मी म्हणालो, "यवतमाळ जिल्हा, साहेब. आजोबाही इथलेच." आणि गप्प राहिलो. लायसन परत मिळाले. याला माझा विजय म्हणायचे की हार, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्या क्षणी मला घरी पोचायचे होते, आणि मी पोचलो.

इथे तरुण मित्र चिडतात. म्हणतात, चाचा, तुम्ही आम्हाला झुकायला शिकवता. नाही. नरमाई आणि लाचारी यांत आपण गल्लत करतो. मूसा अलैहिस्सलामांना फिरऔनकडे पाठवले तेव्हा नरम शब्दांत बोलायचा हुकूम होता. पण मागणी नरम नव्हती. माझ्या लोकांना सोड, हीच होती. आवाज खाली ठेवून पोचपावती मागता येते. "साहेब, कोणत्या कलमाखाली?" हे 'साहेब' लावूनच विचारता येते. चलन चुकीचे वाटले तर रस्त्यावर भांडायचे नाही. तिथेच मुद्देसूद सांगायचे, नाही ऐकले तर घरी येऊन लेखी तक्रार करायची. नंतर ते कोर्टातही लढता येते.

खरी लाचारी वेगळी आहे आणि ती आपण हसत हसत करतो. हात मिळवताना तळव्यात घडी केलेली नोट. 'चहापाणी'. पाचशेचे काम दोनशेत झाले म्हणून घरी येऊन फुशारकी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवले तरच बचाव आहे. आपल्या राज्यात लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पण तो फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. ज्याला आज दोनशे दिले तोच उद्या तुमच्या पुतण्याचे नाव वाचून पाचशे मागतो, कारण या नावाची माणसे घाबरतात आणि देतात हे आपणच त्याला शिकवलेले असते.

आणि आता बापांनो, तुमच्याशी. चालकाचे वागणे गाडी थांबल्यावर सुरू होत नाही. चावी कोणाच्या हातात दिली तिथून ते सुरू होते. मारेगावात शिकवणी सुटायच्या वेळेला चौकात उभे राहा. दहावीतली पोरे तिघे-तिघे बसून जातात, गाडी बापाची, लायसन कोणाचेच नाही. कायद्याचे कलम १९९-अ मुलाला सोडून तुमच्याकडे येते: गाडीमालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत लायसन नाही. मी हे एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितले. ते म्हणाले, "काही होत नाही हो, पकडलं तर मला फोन करील."