दोनदाच वाजवलेली गिटार

"दोनदाच वाजोली भाऊ, नवीनच समजा." वापरलेली गिटार विकणारा शेलूबाजारचा असो की अकोल्याचा, हे वाक्य तो बोलतोच. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. माझं म्हणणं एवढंच की ते ऐकून हजार रुपये जास्त मोजू नका. चौकशीला सुरुवात तिथूनच करा.

जुन्या शिलाई मशीनपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत वापरलेल्या कितीतरी वस्तूंबद्दल या सदरात बोलणं झालं आहे. त्या सगळ्यांना एक साधा हिशोब लागू पडतो. जितकी कमी चालली, तितकी कमी झिजली. गिटारचा हिशोब वेगळा आहे. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण पडतो, म्हणजे पाऊण क्विंटल. हा ताण ज्या लाकडी पाटीवर येतो ती जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. गिटार वाजत असो की कपाटावर पडून असो, ताण चोवीस तास चालूच. तीन वर्षं कोणी हात लावला नाही म्हणजे तीन वर्षं तारांनी ती ओढली. न वाजवलेली गिटार नवी राहत नाही, फक्त तिच्यावर बोटांच्या खुणा नसतात.

त्यात आपली हवा. मे महिन्यात वाशीम-अकोला पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. जुलैमध्ये त्याच घरात भिंतीला ओल येते. लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि दमट हवेत फुगतं. हे आपल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, कारण तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखात घुमली तो हा मुलूख आहे. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडतं आणि भजनाआधी ते विस्तवाजवळ धरून शेकावं लागतं, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. गिटारला हवामान तेवढंच लागतं. फरक इतकाच की ती शेकता येत नाही. एकदा चीर गेली की गेली.

म्हणून माझं मत असं की शेलूबाजारात गिटार घ्यायची तर वापरलेली घ्यावी, आणि तीसुद्धा आपल्याच भागातला निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेली. तीन-चार हजारांची नवी, खोक्यातली गिटार घरी आणली तर तिचं खरं रूप पुढच्या मे महिन्यात कळतं आणि तोवर दुकानदार हात झटकून मोकळा झालेला असतो. दोन ऋतू सोसूनही जिची मान सरळ आहे आणि ब्रिज, म्हणजे तारा जिथे पाटीला अडकवलेल्या असतात तो लाकडी तुकडा, जागेवर आहे, तिने परीक्षा आधीच दिलेली असते.

अशा गिटारी आपल्याकडे आता दुर्मीळ नाहीत. बारावी झाली की मुलं पुण्याला, नागपूरला, संभाजीनगरला जातात. होस्टेलवर कोणाचं तरी बघून गिटार घेतात आणि एखाद्या सुट्टीत ती गावी येते. परत जाताना पुस्तकं जातात, गिटार राहते. कपाटावर, टिनाच्या छताखाली, कव्हरशिवाय. समृद्धी महामार्गाचा शेलूबाजारचा इंटरचेंज झाल्यापासून ही ये-जा गाड्यांनीही वाढली आहे. त्यावरून एक विचारून घ्या: गिटार कधी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिली होती का? बंद गाडीत भर उन्हाळ्यात साठ अंशांच्या वर तापमान जातं आणि एवढ्या उष्णतेत डिंक मऊ पडून सांधे सुटू लागतात.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं ते नीट सांगतो, कारण हे काम जाणकाराशिवायही होतं. सोबत शाळेतली पट्टी, मोबाइलची टॉर्च आणि वहीचा कागद एवढंच न्या.

सुतार रंधा मारलेली पट्टी डोळ्याशी धरून बघतो, तशी गिटार वरच्या टोकाकडून धरा आणि मानेच्या कडेने नजर टाका. मानेला अगदी हलका, तारांच्या बाजूला खोलगट बाक असावा, तो दोष नाही. पण मान पिळलेली दिसली, म्हणजे एक कडा वर आणि एक खाली, तर चहा पिऊन घरी या. पिळलेली मान सरळ करण्याचा खर्च त्या गिटारच्या किमतीच्या वर जातो.

मग बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या सळ्यांपैकी वरून बाराव्या सळईवर, पट्टी उभी धरा. सगळ्यात जाड तार फ्रेटच्या माथ्यापासून किती उंच आहे ते मोजा. दोन ते अडीच मिलिमीटर उत्तम, तीनपर्यंत चालेल. चार किंवा जास्त असेल तर थांबा, कारण "दोनदाच वाजोली" या वाक्याचं उत्तर बहुधा इथेच दडलेलं असतं. तार इतकी वर असली की ती दाबायला जोर लागतो, बोटांच्या टोकांना वळ उठतात, आणि एफचा कॉर्ड तर दहा मिनिटांत रडवतो. घरचे म्हणतात पोराला चिकाटी नाही. पोरांनाही वाटतं की आपल्याला संगीत जमत नाही. दोष त्यांचा नसतो, त्या दीड मिलिमीटरचा असतो. किती मुलांनी अशी गिटार खाली ठेवली असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उंची थोडीच जास्त असेल आणि मान सरळ असेल तर ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासून ती कमी करता येते. सॅडल आधीच ब्रिजमध्ये बुडालेला असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर मात्र ती गिटार सोडा.

त्यानंतर ब्रिज. त्याच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. ब्रिजमागची पाटी थोडी फुगलेली असणं स्वाभाविक आहे, ताणाने तसं होतंच. पण पट्टी आडवी ठेवल्यावर ती तराजूसारखी डुलायला लागली तर पोट सुटलं म्हणायचं. मानेच्या कडेवरून हात फिरवा. फ्रेटच्या सळ्यांची टोकं टोचत असतील तर लाकूड कोरडं पडून आकसलंय. हा दोष किरकोळ आहे, घासून जातो, पण आधीच्या मालकाने उन्हाळ्यात तिच्याकडे बघितलं नाही हे त्यावरून कळतं. भोकातून टॉर्च मारून आत बघा. आतल्या पट्ट्या चिकटलेल्या आहेत ना, आणि कुठे बारीक पिठासारखा भुसा पडलाय का? भुसा असेल तर आत भुंगा आहे, आणि तो तुमच्या दाराच्या चौकटीलाही लागेल.

शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. वेळ लागला तरी लाजू नका. कुठे खरखर येते का, कुठे दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर निघतो का, ते ऐका. तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवल्यावर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. मोबाइलवरचा फुकटचा ट्यूनर ते दाखवतो. तारा गंजलेल्या असतील तर त्याची काळजी नको, तारा बदलायच्याच असतात.

गिटारचे जाणकार तुम्हाला सांगतील की पाटी अखंड लाकडाची हवी, प्लायची नको. आवाजाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरताना दिसल्या की पाटी अखंड; मधे थर दिसले की प्लाय. पण शिकणाऱ्यासाठी, कूलर आणि टिनपत्रे असलेल्या घरासाठी, मी प्लायचीच सुचवेन. यामाहाची एफ ३१० ही नवशिक्यांच्या हातात बऱ्याचदा दिसणारी गिटार प्लायच्या पाटीचीच आहे, आणि आपल्या हवेत ती अखंड पाटीपेक्षा जास्त निभावून नेते. अशी चांगल्या स्थितीतली गिटार नव्याच्या निम्म्या किमतीत मिळत असेल तर घासाघीस फार करू नका. किमतीत नव्या तारांचे आणि सॅडल घासण्याचे हजारभर रुपये धरून बोला, म्हणजे झालं.

घरी आणल्यावरची काळजी म्हणजे मुख्यतः जागेची निवड. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, ती संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते. कपाटावर तर नकोच, टिनाची सगळी धग वर साचते. आतल्या खोलीत, कव्हरमध्ये, दिवाणाखाली किंवा आतल्या भिंतीला टेकवून ठेवा. गिटारला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते, आणि काही शे रुपयांचं आर्द्रतामापक यंत्र घरात असलं की अंदाजाने चालावं लागत नाही. मार्च ते मेमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी कव्हरमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा भिजवा. कूलरच्या झोतासमोर मात्र गिटार कधीही नको. रात्रभर ओली हवा आणि दिवसा भट्टी, असा झटका लाकडाला सगळ्यात वाईट. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या कव्हरमध्ये टाका. पुड्या कायम टिकत नाहीत, दरवर्षी बदला.

वाजवून झालं की तारा जुन्या सुती कपड्याने पुसा. आपल्याकडच्या घामाने तारा महिन्यात काळ्या पडतात. फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावण्याची पद्धत घरोघरी दिसते, ती बंद करा. खोबरेल खवट होतं आणि धूळ धरून बसतं. चांगल्या गिटारचा फ्रेटबोर्ड बहुधा शिसवीचा असतो, तीच आपल्या जुन्या वाड्यांतल्या पलंगांची शिसव. १८३३ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनेही ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाल्यावर १९६९च्या सुमारास भारतातल्या शिसवीकडे मोर्चा वळवला. त्या लाकडाला वर्षातून एकदा, तारा बदलताना, खनिज तेलाचे दोन थेंब कपड्यावर घेऊन पुसलं तरी पुष्कळ. स्वस्त गिटारवर काळा रंग मारलेलं दुसरंच लाकूड असतं, त्याला तेही नको.

मुलगा परीक्षेसाठी महिना-दोन महिने गिटार बाजूला ठेवणार असेल तर सगळ्या तारा एकेक सूर खाली उतरवा. पूर्ण सैल करू नका, मानेतली सळई मग उलट दिशेने जोर करते. ती सळई ॲलन कीने फिरवून मान सरळ करता येते आणि तसली की गॅरेजवालाही देईल, पण पाव आट्याच्या पुढे एका वेळी जाऊ नका, आणि अडली तर जोर तर नकोच.

घ्यायची कधी, हेही विचारतात. जूनमध्ये पैसा बियाण्यात आणि खतात जातो, तेव्हा घरात गिटारचं नाव काढणंच कठीण. दिवाळीच्या सुमारास थोडंफार सोयाबीन विकलं गेलेलं असतं, बाहेर शिकणारी मुलं गावी असतात, आणि कपाटावरची गिटार त्या वर्षीचा मे आणि ऑगस्ट दोन्ही भोगून आलेली असते. ओळखीतलं घर असेल तर दोन दिवस घरी ठेवून घेण्याची परवानगी मागा. पहिल्या संध्याकाळी तारा सुरात लावा आणि दुसऱ्या संध्याकाळी ब्रिजखाली कागद पुन्हा सरकवून बघा.